घराला कुलूप घालण्याआधी

कामं आवरली का? नसतील तर असू द्या, भाकरी थापता थापता ऐका.

परीक्षा संपल्या, पोरांची दप्तरं खुंटीला लागली. आता कुणी माहेरी चाललंय, कुणी जत्रेला, कुणाच्या भावाचं लग्न, कुणी पोरांना घेऊन मुंबईला नणंदेकडं. मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, मे महिन्यात कोण कोण घर बंद करून जाणार आहे? बारापैकी सात हात वर झाले. मग विचारलं, घर बंद करून जाताना काय काय करता? सगळ्या म्हणाल्या, कुलूप लावतो. आणि हसल्या. मीपण हसले. पण तीन वर्षांपूर्वी मीही एवढंच केलं होतं, त्याची गोष्ट आज सांगणार आहे.

मे महिनाच होता. माझ्या धाकट्या भावाचं लग्न. शनिवारी आमच्या गटाची बैठक झाली, रविवारी बँक बंद, आणि सोमवारी पहाटे आम्ही निघालो. मी, मालक, दोन्ही पोरं आणि आत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. नऊ दिवस घर बंद राहणार होतं. त्या वेळी मी गटाची सचिव होते. वह्या माझ्याकडं, पेटी माझ्याकडं आणि खरं सांगते, पेटीची किल्लीसुद्धा माझ्याकडंच. नियम काय आहे? पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, वह्या तिसरीकडं. मी स्वतः दुसऱ्या गटांना हा नियम शिकवायचे. पण माझं घर स्लॅबचं, पक्कं, म्हणून सगळ्याजणींनी माझ्याकडंच ठेवलं आणि मीही ठेवून घेतलं. पेटी कुठं? पलंगाखाली.

आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. कधी सकाळी, कधी रात्री दहाला. त्यामुळं नळाची तोटी उघडीच ठेवायची सवय. पाणी आलं की हौदात पडलेला आवाज येतो, मग उठायचं. तुमच्याकडंही असंच असेल. निघायच्या आदल्या रात्री तोटी तशीच उघडी राहिली. नळ कोरडा होता, मग लक्षात तरी कसं येणार? आणि मोरीच्या भोकात मी गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबला होता, उंदीर आणि जनावर आत येऊ नये म्हणून. मोठं शहाणपणाचं काम केलं असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी पाणी आलं. हौद भरला, वाहू लागला, मोरी भरली, बोळ्यामुळं पाणी बाहेर जाईना, ते उंबरा ओलांडून आतल्या खोलीत गेलं. शेजारच्या काकू दुपारी अंगणात आल्या तर आमच्या पुढच्या दाराखालून पाणी येतंय. त्यांच्याकडं किल्ली नाही. माझा नंबर त्यांच्याकडं नव्हता, मालकांचा होता, आणि मालक वरातीत. बँडच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येतो? संध्याकाळी सातला फोन लागला. "अगं, तुझ्या उंबऱ्याखालनं पाणी यायलंय, घर पोहायला लागलंय," असं काकू म्हणाल्या. मग चुलत दिराला सांगून कुलूप फोडलं.

गव्हाची दोन पोती खालून भिजली. गादी गेली. त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. पेटी मात्र दिवसभर पाण्यात होती. पत्र्याची पेटी, झाकण घट्ट, पण खालच्या कोपऱ्याला गंजून भोक पडलेलं. आत नऊ हजार चारशे रुपये रोख, बँकेचं पासबुक, इतिवृत्ताची वही आणि पाच वर्षांची कर्जाची खतावणी. नोटा दोरीवर टाकून वाळवल्या, त्या चालल्या. बॉलपेनानं लिहिलेली पानंही सुकल्यावर वाचता आली. पण गेलं वर्षभर मी पोरीच्या जेलपेनानं लिहीत होते, अक्षर चांगलं दिसतं म्हणून. ती सगळी पानं निळीच्या पाण्यात बुडवल्यासारखी झाली. एक आकडा दिसेना.

बाराजणी बसलो. प्रत्येकीचं छोटं पासबुक मागवलं आणि वही पुन्हा लिहायला घेतली. अकरा जणींचा हिशेब जुळला. बाराव्या ताईंचं पासबुक भरलेलं नव्हतं, कारण दोन बैठकांना त्या ते घरीच विसरल्या होत्या आणि मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी लिहू. त्या म्हणाल्या, दोन हप्ते भरले, हजार-हजाराचे. मला एक भरल्याचं आठवत होतं. बँकेत भरलेल्या रकमेवरून मेळ घालावा म्हटलं, तर त्या बैठकीत जमलेल्या पैशातूनच आम्ही दोघींना हातोहात कर्ज दिलं होतं, त्यातलं थोडं फिटलंही होतं. मेळ काही बसेना. शेवटी मी हजार रुपये माझ्या पदरचे घातले आणि वही बंद केली. ताईंचं खरं होतं की माझं, हे मला आजही माहीत नाही. नाव सांगत नाही, आपला रेडिओ सगळीजण ऐकतात. त्या भेटल्या की बोलतात, पण पूर्वीसारख्या चहाला येत नाहीत. त्यांना वाटतं मी त्यांच्यावर संशय घेतला. मी घेतला होता, हेही खरं.

तर मैत्रिणींनो, चोर आला नाही, आग लागली नाही. एक तोटी आणि एक बोळा, एवढ्यावर हे झालं. तेव्हापासून घर बंद करायचं म्हटलं की मी आधी पाण्याकडं बघते. तोटी बंद करायची, नुसती बघून नाही, हातानं पिळून. बाहेर मुख्य कॉक असेल तर तोही बंद. मोरीच्या भोकाला बोळा नको, जाळी बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाणी जातं, उंदीर येत नाही.

पाण्याचाच दुसरा भाग म्हणजे साठवलेलं पाणी. आपला दुष्काळी भाग, भरलेला रांजण ओतून द्यायचा म्हणजे जिवावर येतं. पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. तुम्ही दहा दिवसांनी येता, तेव्हा घरात डासांची पहिली पिढी उडून बाहेर पडलेली असते, आणि ती शेजाऱ्यांना चावून झालेली असते. तेव्हा पाणी फेकू नका. निघायच्या आधी दोन दिवस भरणं कमी करा, उरलेलं शेजारी द्या, लिंबाच्या बुडाला घाला. रांजण, हंडे, बादल्या आतून घासून पालथ्या घाला. घासून यासाठी की त्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी नसलं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. हौद रिकामा करणं शक्य नसेल तर झाकण लावा आणि वरून धोतराचं जुनं फडकं ताणून बांधा. कुलर, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, छतावर पडलेला टायर. टायर तर फेकूनच द्या, कशाला ठेवलाय कुणास ठाऊक.

आता गॅस. शेगडीचं बटण बंद केलं म्हणजे गॅस बंद झाला असं नाही. रेग्युलेटर बंद करायचा, मग तो काढून ठेवायचा आणि सिलिंडरच्या तोंडावर ती दोरीला बांधलेली टोपी बसवायची. ती टोपी आपण पहिल्याच दिवशी हरवतो. शोधा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. म्हणून परत आल्यावर दार उघडताच वास आला, तर दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नको आणि बंदही नको. काडी तर नाहीच. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या नंबरवर फोन करा. हा गॅसगळतीसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो.

देवापुढचा दिवाही विझवूनच निघायचं. यावर आमच्या आत्यांचं आणि माझं भांडण झालं होतं. त्या म्हणायच्या, भरल्या घरात दिवा लावून निघावं. पण उंदीर तेलाची वात ओढून नेतो आणि ती जळती वात कुठं जाऊन पडेल याचा नेम नसतो. शेवटी आत्यांनीच तोड काढली. आता निघताना त्या दिवा लावतात, हात जोडतात, पोरांना अंगारा लावतात आणि गाडी दारात लागली की स्वतःच फुलानं दिवा शांत करतात. देवापुढं साखर ठेवायची पद्धत आहे, तीही त्यांनी झाकणाच्या डबीत खडीसाखर ठेवून चालू ठेवली आहे. मुंग्यांना आमंत्रण नाही.

धान्याबद्दल मला जरा जोरात बोलायचं आहे. मे महिन्यात वर्षाचा गहू, ज्वारी भरून झालेली असते. घर बंद राहणार, कीड लागेल, म्हणून काहीजण कृषी दुकानातून त्या विषारी गोळ्या आणून पोत्यात टाकतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. घरी कुणी नाही ना, मग काय होतंय, असं म्हणतात. मैत्रिणींनो, हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळीतून विषारी वायू सुटतो. तुम्ही परत येता, थकलेले असता, त्याच खोलीत पोरांना घेऊन झोपता. या विषावर उतारा नाही. राहत्या घरात या गोळ्या कधीच नकोत, भरल्या घरातही नाही आणि बंद घरातही नाही. ऊन आपल्याकडं फुकट आहे. धान्य कडकडीत वाळवा, गार होऊ द्या, कोठी किंवा पिंप कोरडं करून भरा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. पोती जमिनीला टेकवू नका, खाली फळी किंवा विटा द्या. ती फळी असती तर माझी दोन पोती वाचली असती.

फ्रीज ज्यांच्याकडं आहे त्यांनी आठ-दहा दिवस जायचं असेल तर तो रिकामा करून, पुसून, बंद करून दार थोडं उघडं ठेवावं. दारात चमचा नाहीतर फडकं अडकवलं की झालं. नाहीतर आल्यावर जो वास येतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. टीव्हीचा, चार्जरचा प्लग काढा, वळवाच्या पावसात वीज कडाडते. मग मेन स्विच बंद.

आता कुलूप. आपण दुकानात जातो, पाचशे रुपयांचं भक्कम कुलूप घेतो आणि ते वीस रुपयांच्या कोयंड्याला अडकवतो. चोर कुलपाच्या नादी लागत नाही. तो पहार घालून कोयंडा उपटतो, कारण तो चार बारीक स्क्रूंवर उभा असतो. गावातल्या सुताराला बोलवा, कोयंड्याला आरपार बोल्ट मारून आतून नट बसवायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. मागचं दार आतून आडण्यानं बंद करा. आणि किल्ली तुळशीच्या कट्ट्यात, चौकटीवर, कोनाड्यात ठेवू नका. ती जागा तुम्हाला माहीत आहे तशी गावातल्या पोरापोरांना माहीत आहे.

किल्ली माणसाकडं द्या. एक जोड शेजारी. मला माहीत आहे, काहीजणींना हे पटत नाही. बैठकीतही एकजण म्हणाली, ताई, शेजारणीशी आमचं बोलणं नाही. मग भावकीत द्या, गटातल्या मैत्रिणीकडं द्या, पण एक किल्ली गावात राहू द्या आणि दोन नंबर तिच्याकडं लिहून द्या. तुमचा आणि जिथं चाललाय तिथल्या एखाद्या माणसाचा. काकूंकडं तेव्हा किल्ली असती तर दोन बादल्या पाण्यावर भागलं असतं.

घर बंद आहे हे गावाला कशावरून कळतं, सांगा बरं? कुलूप लांबून दिसत नाही. अंगण दिसतं. सडा नाही, रांगोळी नाही, पाचोळा साचलाय, तुळस माना टाकतीय. म्हणून काकू आता रोज त्यांच्या दारात सडा टाकताना चार ओंजळी आमच्या दारात टाकतात, चार ठिपके काढतात आणि तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. मी त्यांच्या घरी तेच करते, त्या पंढरपूरला जातात तेव्हा. बाहेरचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवून जाऊ नका, दुपारी बाराला जळणारा दिवा म्हणजे घरात कुणी नाही अशी पाटीच. आणि पोरांचे मोबाईल! गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं एसटीत बसल्या बसल्या स्टेटस टाकलं, सगळ्यांचा फोटो आणि खाली "आठ दिवस फुल धमाल". त्याला म्हटलं, बाळा, परत आल्यावर टाक. धमाल शिळी होत नाही. पोलीस पाटलांच्या कानावर मात्र घालून जा, त्यांना माहीत असलेलं बरं.

दागिने गव्हाच्या पिंपात, पिठाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागं ठेवायचे दिवस गेले. चोर आधी तिथंच हात घालतो. बँकेत लॉकर असेल तर उत्तम. नसेल तर दोन-चार जणींनी मिळून चौकशी करा. सगळं अंगावर घालून जत्रेच्या गर्दीत जाणं त्याहून वाईट. आणि शेजारणीकडं दागिने ठेवू नका. किल्ली ठेवा, दागिने नकोत. काही झालं तर दागिना जातो आणि शेजारही जातो. एक हजार रुपयांत मी काय घालवलं ते सांगितलंच तुम्हाला.

कागद. आधार, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, पासबुकं, सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून वरच्या फळीवर. पलंगाखाली काही नको. प्रत्येकाचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सातबारा तलाठ्याकडून पुन्हा मिळतो, आधार पुन्हा निघतं, गटाची खतावणी कुठल्याच कचेरीतून पुन्हा निघत नाही. ज्या सचिव, कोषाध्यक्ष बाहेर जाणार असतील त्यांनी पेटी आणि वह्या अध्यक्षांकडं द्याव्यात, रोख असेल ती मोजून, दोघींच्या सह्या घेऊन. बॉलपेननं. शक्यतो रोख बँकेत भरूनच निघा. आणि बैठक झाल्या झाल्या वहीच्या पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. आमच्याकडं आता ही पद्धत पडली आहे, मी ज्या ज्या गावांत जाते तिथं तिथं पाडते आहे.

शेरडं, कोंबड्या ज्यांना सांभाळायला देताय त्यांना वैरण आणि दाणे मापून देऊन जा. "आमच्यातलंच घाला की" असं ती म्हणते खरी, पण दहा दिवसांची वैरण उन्हाळ्यात कुणाला परवडते? आणि दार लावताना मांजर आत राहिलेली नाही ना, एवढं बघा.

हे सगळं कोण करतं? निघायच्या दिवशी पहाटे चारला उठून डबा करायचा, पोरांना अंघोळ घालायची, आत्यांच्या गोळ्या पिशवीत टाकायच्या. बाकी सगळे जीपमध्ये बसून हॉर्न वाजवतात आणि बाई अजून मोरीत असते. मग तोटी उघडी राहते. ती तोटी मी विसरले असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. एक दिवस मालकांना विचारलं, घरात आपण पाच माणसं, तोटी एकट्या माझीच होती का? त्यानंतर आम्ही वाटणी केली. गॅस आणि मेन स्विच मालकांकडं, नळ मोठ्या पोराकडं, खिडक्या पोरीकडं, देव आत्यांकडं. कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. ज्यानं त्यानं आपलं काम करून खूण करायची, मगच मी कुलूप घालते. पोरगं पहिल्या वर्षी कुरकुरलं, आता दोनदा जाऊन नळ बघून येतं. केर आदल्या रात्रीच काढून ठेवा, माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

परत आल्यावर धावत आत घुसू नका. दारं-खिडक्या उघडा, अंथरुणं झटका, चपला-बूट उलटे करून आपटा, सरपणात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालू नका. आपल्याकडं विंचू-काट्याचे दिवस हेच. काही चावलंच तर मांत्रिकाकडं नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखान्यात.

मी येत्या सोमवारी माहेरी चालले आहे, आठ दिवसांसाठी. पेटी शनिवारीच अध्यक्ष ताईंकडं पोचती झाली. किल्ली काकूंकडं. परत यायच्या आदल्या दिवशी काकू माझ्यासाठी एक हंडा पाणी भरून ठेवतील आणि मी त्यांच्यासाठी माहेरच्या झाडाचे पाडाचे आंबे आणीन. त्या बाराव्या ताईंसाठीही चार आंबे आणायचे आहेत. त्या घेतात का, बघू. पुढच्या महिन्यात याच वेळी भेटू. येते मी. नमस्कार.